कुलपातला पियानो

सातवीत असताना एका दुपारी शाळेच्या हॉलमध्ये मी एकटीच पियानोच्या पट्ट्या दाबत बसले होते. शाळा छावणीजवळची, जुनी, इंग्रजी माध्यमाची. वडील वाळूजच्या एका कंपनीत फिटर होते, आम्ही बजाजनगरला दोन खोल्यांत राहायचो, आणि माझं त्या शाळेत असणं हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा पराक्रम होता. प्रार्थनेला पियानो वाजवणारे संगीताचे सर मागून कधी आले ते मला कळलंच नाही. त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरून उचलला, पट्ट्यांवर ताणून ठेवला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत तो कुठवर पोचतो ते बघितलं. मग डावा. माझ्या तोंडाकडे त्यांनी नंतर बघितलं.

“घरी कोण काय करतं?”

मी सांगितलं. गाव खुलताबादजवळ, तिथं चुलत्यांची शेती, आईसुद्धा लग्नाआधी शेतातच राबलेली.

“तरीच,” सर म्हणाले. “कापूस वेचणाऱ्यांचे हात आहेत हे. शनिवारी माझ्या घरी ये. फी नको.”

मला ती शाबासकी वाटली. घरी येऊन मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा आई पीठ मळत होती. तिनं हात थांबवले, स्वतःच्या पंजाकडे बघितलं आणि म्हणाली, “असं म्हनला व्हय? बरं. जा मंग.”

तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे. शनिवारी मी शेअर रिक्षानं नगर नाक्याला उतरायचे आणि चालत छावणीत जायचे. सरांचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं, कौलारू, पुढं लिंबाचं झाड. हॉलमध्ये भिंतीला लागून काळा उभा पियानो. एका गोऱ्या अधिकाऱ्यानं देश सोडताना तो मागं टाकला आणि सरांच्या वडिलांनी घरी आणला, असं सर सांगायचे. पट्ट्यांवरच्या झाकणाला छोटं पितळी कुलूप होतं. शिकवणी सुरू होताना सर शर्टाच्या खिशातून चावी काढायचे, शिकवणी संपली की झाकण लावून चावी परत खिशात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “उंदीर होतात.”

घरात दोघंच. सर आणि त्यांची बायको. त्यांना मी काकू म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. काकू बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. थंडीच्या दिवसांत मी आल्या आल्या त्या कोमट पाण्याचं पातेलं आणायच्या आणि माझी बोटं त्यात बुडवून ठेवायला सांगायच्या. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

सर शेजारच्या खुर्चीत बसून टोक केलेली पेन्सिल माझ्या मनगटाखाली उभी धरायचे. मनगट खाली आलं की टोक रुतायचं. ओरडलं की ते म्हणायचे, “मी कुठं काय केलं? तू खाली आलीस.” पहिल्या वर्षी माझ्या दोन्ही मनगटांवर निळे ठिपके होते. शाळेत मुली विचारायच्या, गोंदवलंय का. पियानोवर मनगट पडलं की सगळा हात जड होतो आणि सूर दगडासारखा पडतो, हे खरंच आहे. आज मी शिकवते तेव्हा तेच सांगते, पेन्सिलीशिवाय. पण त्या वयात मला एवढंच कळत होतं, की हा माणूस माझ्या चुकीची वाट बघत बसतो आणि चूक झाली की त्याला बरं वाटतं.

सर ज्यांचं संगीत शिकवायचे ते सगळे एकोणिसाव्या शतकातले, युरोपातले लोक. सर त्यांच्याबद्दल असं बोलायचे, जसं काही ते पलीकडच्या गल्लीत राहतात आणि आत्ताच भांडून गेलेत. नावं ते फारशी घ्यायचे नाहीत. आजारावरून बोलायचे. पोलंडचा तो ‘क्षयवाला’. ज्या जर्मनानं बोट बळकट करायच्या नादात कसलंसं यंत्र लावून हातच निकामी करून घेतला, तो ‘बोटवाला’. मला ताप असला तर म्हणायचे, “क्षयवाला रक्त ओकत वाजवत होता. तुला साधा ताप आहे.” मी म्हटलं, बोट दुखतंय, तर म्हणायचे, “बोटवाल्याचं बोट गेलं म्हणून जगाला त्याचं संगीत मिळालं. तुझं गेलं तर जगाला काय मिळणार आहे?”

पण वाजवायला बसले की सर वेगळे व्हायचे. पोलंडवाल्याची नॉक्टर्न मी पहिल्यांदा ऐकली ती त्यांच्याकडून. नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं गाणं, बिनशब्दांचं. डावा हात संथ लाटा काढत राहतो आणि उजवा त्यांच्यावर गातो, मधेच थबकतो, जणू गाणाऱ्याचा आवाज भरून आलाय. पहिल्यांदा ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. त्या एका गोष्टीसाठी मी सहा दिवस पेन्सिलीला भ्यायचे आणि सातव्या दिवशी परत जायचे.

बोटवाल्याची गोष्ट सरांची सगळ्यात आवडती. त्याची बायको लहानपणापासून गाजलेली पियानो वाजवणारी, नवऱ्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध. लग्नानंतर घरातल्या भिंती पातळ पडल्या. ती वाजवायला बसली की त्याला सुचायचं नाही. म्हणून तो लिहायला बसला की ती पियानो बंद ठेवायची. “कळलं?” सर बोट वर करून म्हणायचे. “जगातली सर्वांत मोठी पियानो वाजवणारी बाई. नवऱ्यासाठी गप्प बसली. याला प्रेम म्हणतात.”

हे चाललेलं असताना आत भांडं पडल्याचा आवाज यायचा. दरवेळी नाही. पण यायचा.

एकदा चौथं बोट माझ्या काही केल्या ताब्यात येत नव्हतं. सर फोन घ्यायला बाहेर अंगणात गेले होते. काकू दारातून भराभर आल्या, माझ्या हातावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “बोट जोरात उचलायला जाऊ नकोस. कोपर थोडं बाहेर घे, बोट आपोआप येईल.” मी तसं केलं. आलं. मी चकित होऊन त्यांच्याकडे बघते तोवर सर दारात.

“काय सांगतेस तिला?”

“काही नाही. पाणी हवं का विचारत होते.”

“पोळ्या बघ,” सर म्हणाले. आणि त्या गेल्यावर मला, “हिला सूर-बिर काही कळत नाही. आमच्या घरात संगीताला कान असलेला एकच माणूस आहे.”

आमच्या घरी पियानो नव्हता, येणंही शक्य नव्हतं. वडिलांनी कंपनीतून टाकाऊ प्लायवूडची लांब फळी आणली, सरांच्या घरी येऊन पट्ट्यांची मापं घेतली आणि फळीवर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या रंगवल्या. काळ्या पट्ट्या बोटाला उंच लागाव्यात म्हणून तिथं रबराचे तुकडे चिकटवले. त्या फळीवर मी रोज संध्याकाळी वाजवायचे. आई म्हणायची, “निस्तं खुटखुट. गानं कुठंय?” मी म्हणायचे, माझ्या डोक्यात आहे. खरंच असायचं.

दहावीच्या वर्षी सरांनी मला पियानोच्या परीक्षेला बसवायचं ठरवलं. परीक्षक परदेशातून पुण्याला येणार होते. मी तीच नॉक्टर्न घेतली होती. वर्षभर मी फळीवर आणि शनिवारी पियानोवर एवढं एकच काम केलं. पुण्याला जायच्या आदल्या शनिवारी वडील सुटी घेऊन माझ्याबरोबर सरांच्या घरी आले. त्यांनी मला कधी पियानोवर ऐकलंच नव्हतं. त्यांना फक्त फळी माहीत. इस्त्रीचा शर्ट घालून ते सोफ्याच्या कडेवर बसले.

मी वाजवलं. चांगलं वाजलं, हे मला आजही माहीत आहे. वाजवून झाल्यावर मागं वळले तर वडील रुमालानं डोळे पुसत होते. काकू दारात होत्या, त्यांचा पदर तोंडावर.

सर वडिलांकडे बघत होते. “आवडलं तुम्हाला?”

“लई,” वडील म्हणाले. “लई म्हंजी लईच, सर.”

“हाच तर प्रॉब्लेम आहे,” सर शांतपणे म्हणाले. “ज्याला काही कळत नाही, त्याला आवडेल असं वाजवते ही. परीक्षकाला दोन ओळींत कळेल. मी हिचं नाव पाठवलेलंच नाही.”

मग सर माझ्याकडे वळले. “हात आहेत, मेहनत आहे. पण तू वाजवणारी कधी होणार नाहीस. शिकवणारी होशील. माझ्यासारखी. शनिवारी येत जा, शिकवता येईल एवढं तरी देतो तुला.”

वडील उठले. सरांना नमस्कार केला. काकूंना नमस्कार केला. नगर नाक्याला एका गाड्यावर त्यांनी माझ्यासाठी भजी घेतली आणि मी खाईपर्यंत समोर उभे राहिले. एवढंच म्हणाले, “फळी मोडायची नाय. ठिऊ आपुन.”

मी पुढच्या शनिवारी परत गेले. लोक विचारतात, का? पूर्ण शहरात दुसरा पियानो कुठं होता जिथं मला कोणी बसू दिलं असतं?

सरांचं म्हणणं खरं ठरलं. मी शिकवणारी झाले. पदवी घेतली, वाळूजच्या एका शाळेत संगीत शिकवायला लागले, पुढं एक डिजिटल पियानो घेतला आणि बजाजनगरच्या घरातच मुलांचे वर्ग सुरू केले. सरांकडे जाणं सणावारापुरतं उरलं. ते रिटायर झाले होते, शिकायला कोणी येत नव्हतं. गेलं की ते माझ्या शिष्यांबद्दल विचारायचे आणि उत्तर यायच्या आत म्हणायचे, “खेळण्यावर शिकवतेस. शिकव.”

काही वर्षांपूर्वी सरांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी घाटीच्या सरकारी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ते छताकडे बघत पडले होते आणि काकू त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होत्या. डॉक्टर म्हणाले, बोलता येणार नाही, पण ऐकू येतंय, कळतंय सगळं. काकूंनी ते दोनदा विचारून घेतलं. “सगळं कळतंय ना? नक्की?”

मधे बरेच महिने मला जायला जमलं नाही. एके दिवशी काकूंचा फोन आला. “संध्याकाळी ये. चहाच्या वेळेला. ऐकायला ये.”

मी लिंबाच्या झाडाखाली स्कूटी लावली आणि थबकले. आतून नॉक्टर्न ऐकू येत होती. क्षणभर वाटलं, सर बरे झाले. मग लक्षात आलं, हे सरांचं वाजवणं नाही. सरांचा उजवा हात गायचा, पण प्रत्येक सूर पारखून मगच सोडायचा. हा हात तसा नव्हता. बोटं जागोजागी अडखळत होती, सफाई गेलेली होती. पण गाणं असं वाहत होतं, की सरांनी आयुष्यभर जे वाजवलं ती त्याची नक्कल वाटावी.

आत गेले. काकू पियानोवर बसल्या होत्या. झाकणाच्या कुलपात चावी तशीच अडकवलेली. मागं चाकांच्या खुर्चीत सर, स्वच्छ दाढी केलेले, गळ्याशी रुमाल, केस नीट विंचरलेले. काकूंनी मान हलवून मला बसायला सांगितलं आणि सुरुवातीपासून पुन्हा वाजवायला लागल्या.

पहिल्या भागात एक जागा येते, जिथं उजवा हात वर चढतो आणि अगदी नाजूक कोमल सुरावर येऊन टेकतो. सगळा जीव त्या एका सुरात आहे. काकू तिथं आल्या आणि शेजारची पट्टी दाबली. उघडी, बेसूर, कान फाडणारी. मला वाटलं, चुकल्या. आधीपासूनच अडखळत होत्या, चुकणारच. पण त्या पट्ट्यांकडे बघतच नव्हत्या. मान वळवून सरांकडे बघत होत्या. सरांच्या डाव्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. घशातून घरघर आली.

काकूंनी मागं जाऊन ती ओळ पुन्हा वाजवली. पुन्हा तीच पट्टी.

“बघ,” त्या मला म्हणाल्या, “कान शाबूत आहेत त्यांचे.”

“काकू, तुम्हाला… तुम्हाला येतं?”

“मी यांचीच विद्यार्थिनी. तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही आता.” त्यांनी हात मांडीवर ठेवले. “लग्न झालं त्या वर्षी नाताळला घरी माणसं जमली होती. मला वाजवायला सांगितलं. वाजवलं. एक बाई यांना हसत म्हणाल्या, तुम्ही आता बायकोकडून शिका. सगळे हसले. हेही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाला कुलूप होतं.”

“तुम्ही मागितली नाही चावी?”

“एकदा मागितली. म्हणाले, एका घरात दोन वाजवणारे असले की एक वेडा होतो. इतिहास बघ म्हणाले.” त्या सरांकडे बघतच बोलत होत्या. “मग मी ओट्यावर वाजवायचे. पोळपाटावर. तुझ्याकडे निदान पट्ट्या रंगवलेली फळी तरी होती. घाटीत नर्सनं यांच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. घड्याळ, चष्मा, चावी. त्या दिवसापासून रोज वाजवते. चहाच्या वेळेला.”

“रोज असंच?”

“रोज असंच.” त्या उठल्या. “बस. तू पण वाजव. त्या जागेला माझ्यासारखंच वाजवायचं.”

मी बसले. काय करायचं हे मी काही ठरवलं नव्हतं. हात पट्ट्यांवर गेले, डाव्यानं लाट सुरू केली, उजवा वर चढला. ती जागा आली आणि माझं बोट आपोआप त्या कोमल सुरावर गेलं. बरोबर सूर वाजला. खोलीत एकदम हलकं वाटलं. मागं सरांच्या घशातून काहीतरी फुटलं. मी वळले. अर्ध्या तोंडानं, लाळ गाळत, सगळा जोर लावून त्यांनी एक शब्द काढला.

“म…न…गट.”

मला हसू आलं की रडू, आज सांगता येत नाही. इतक्या महिन्यांनी त्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघाला आणि तो माझं मनगट पडलंय हे सांगायला. तेवढ्यात पियानोचं झाकण खाली आलं. मी बोटं मागं घेतली म्हणून वाचली. काकूंचा हात झाकणावर होता.

“ह्या घरात बरोबर वाजवायचं असेल तर येऊ नकोस,” त्या म्हणाल्या.

मी लगेच निघाले नाही. काकूंनी चहा केला. सरांना वाटीतून बिस्किट भिजवून भरवलं, तोंड पुसलं, पाठीमागची उशी सरळ केली. हे सगळं इतक्या निगुतीनं, की नुसतं बघणाऱ्याला वाटावं, केवढी ही माया. भरवता भरवता त्या म्हणाल्या, “त्या बोटवाल्याची गोष्ट सांगायचे ना तुला? बायको गप्प बसली म्हणून? पुढचं कधीच सांगितलं नाही यांनी. त्याला वेड लागलं, नदीत उडी घेतली, बाहेर काढून वेड्यांच्या इस्पितळात टाकला. आणि ती बाई परत गावोगाव वाजवत फिरली. म्हातारी होईपर्यंत. टाळ्या घेत.” त्यांनी चमचा सरांच्या ओठांशी धरला. “उघडा तोंड.”

सरांनी तोंड उघडलं.

त्यानंतर मी बरेच दिवस गेले नाही. घरी वडिलांना सांगितलं. ते आता रिटायर झाले होते, कंपनीच्या आवाजानं एक कान अधू झालेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पियानो वाईट हाय का त्यात? त्येचं काय चुकलं?”

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. “पियानो काढतेय घरातून. आज. यायचं तर ये.”

मी तो फोन माझ्या पद्धतीनं ऐकला. वडिलांनीही. त्यांनी ओळखीच्या माणसाचा टेम्पो मागवला, जुन्या गाद्या टाकल्या, दोर घेतले. घरात तो कुठं ठेवायचा हे त्यांनी रस्त्यातच ठरवून टाकलं, खिडकीजवळ, पण ऊन लागणार नाही असा. मी कधी नव्हे ते इतकी आनंदात होते.

गल्लीत आधीच एक गाडी उभी होती, मंडप-डेकोरेशनवाल्याची. बीड बायपासच्या एका लॉनसाठी त्यांना जुना पियानो हवा होता. पांढरा रंग देऊन, आत फुलं भरून, नवरा-नवरीच्या फोटोसाठी. पण आतल्या लोखंडी सांगाड्यासकट तो उचलायला फार जड होता, म्हणून आतलं सगळं इथंच काढून टाकायचं ठरलं होतं. दोन माणसं हॉलमध्ये पुढची फळी काढून, कटर घेऊन उभी होती.

काकूंनी सरांची खुर्ची भिंतीजवळून हलवली, पियानोच्या बरोबर समोर आणली आणि चाकाचा ब्रेक लावला.

वडील पुढं झाले. “ताई, ऐका माझं. पोरीला द्या. तुम्ही म्हनाल ते देतो. टेम्पो आनलाय बघा, आत्ता उचलतो. तुम्हाला तरास नाय.”

“तुमच्या मुलीला दिला तर तो वाजेल, भाऊ,” काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, जणू भाजीला मीठ घातलंय का ते सांगत होत्या. “मला तो वाजायला नकोय.”

“अवो, पर चांगली वस्तू…”

“तुमच्या मुलीचा अपमान झाला होता ह्याच खोलीत. तुमचापण. आठवतंय ना?”

वडील म्हणाले, “आठवतंय. पर त्ये पियानोनं नव्हतं केलं, ताई.”

काकूंनी त्या माणसांना खूण केली.

पियानोच्या तारा फार ताणलेल्या असतात. कापल्या की सुटत नाहीत, फुटतात. पहिली तार तुटली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला आणि तोडणारा माणूसच मागं सरकला. मग त्याला सराव झाला. वरच्या बारीक तारा टचकन तुटत गेल्या, किंचाळल्यासारख्या. खालच्या जाड तारा तुटताना सगळी लाकडी पेटी गुरगुरायची आणि तो आवाज जमिनीतून माझ्या पायांत यायचा. प्रत्येक तारेला सर अंगभर दचकत होते. डोळे मिटत नव्हते. घरघर नाही, शब्द नाही. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. काकू मधे मधे पुढं होऊन ते पुसत होत्या.

वडिलांनी माझा दंड धरला. “चल,” ते म्हणाले. “हे बघायचं नसतं.” मी त्यांच्याबरोबर निघाले. आम्ही रिकामा टेम्पो घेऊन बजाजनगरला परत आलो आणि गाद्या खाली उतरवल्या.

सर त्यानंतर वर्षभर जगले. मी दोन-तीनदा गेले. हॉलच्या भिंतीवर पियानोच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता, बाकी भिंत धुरकटलेली. काकूंनी सेवेत कसूर ठेवली नाही. सरांच्या अंगाला एक जखम झाली नाही, एक दिवस अंघोळ चुकली नाही. गल्लीत त्यांचं उदाहरण द्यायचे लोक.

सर गेले तेव्हा छावणीच्या कब्रस्तानात बरीच माणसं आली, जुने विद्यार्थी, चर्चमधली मंडळी. सगळ्यांनी काकूंचे हात हातात घेऊन एकच सांगितलं, “किती केलंत हो त्यांचं.” काकू प्रत्येकाला म्हणत होत्या, “हो, केलं.” मी बाजूला उभी होते. मला ज्या माणसाचा इतका राग होता त्याच्यावर मीही मूठभर माती टाकली. मला जे काही येतं ते सगळं त्यानं दिलेलं, आणि मला जे आलं नाही तेही त्यानंच.

परतताना मी काकूंना स्कूटीवर घरी सोडलं. फाटकापाशी त्या उतरल्या. मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं.

“काकू, सरांना कळलं का? हे सगळं कशासाठी होतं ते?”

त्यांनी फाटकाची कडी हातात धरली.

“मला वाटायचं, कळेल,” त्या म्हणाल्या. “रोज वाजवताना मी मान वळवून त्यांच्याकडे बघायचे. ते माझ्या बोटांकडे बघायचे. त्या दिवशी तारा तोडताना मी खुर्चीच्या शेजारीच उभी होते. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. पियानोकडेच बघत होते. शेवटपर्यंत.”

त्यांनी फाटक उघडलं, मला आत बोलावलं नाही. दुसऱ्या महिन्यात घर मालकाला परत देऊन त्या जालन्याला बहिणीकडे गेल्या. मी फोन करते कधीमधी. त्या माझ्या वर्गातल्या मुलांची चौकशी करतात, कोणाचं चौथं बोट उचलत नाही ते विचारतात आणि कोपर कसं ठेवायचं ते फोनवरूनच समजावून सांगतात.